सांताच्या पोटातला पोपट

आमच्या घरात कुणालाच हळू बोलता येत नसे, आणि त्याचं कारण होतं बाबांची मिल. बाबा इंदूरच्या एका कापड मिलच्या साचे खात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, हजेरीबाबू होते. सगळे माग एकदम खडखडत असताना कामगाराला त्याचं नाव विचारायचं तर ओरडण्यावाचून इलाज नसतो, आणि दिवसभर ओरडलेला माणूस घरी येऊन गळ्याचं बटण फिरवून आवाज कमी करू शकत नाही. बाबा जेवताना "मीठ वाढ" असं म्हणत की भिंतीपलीकडून शेजारच्या काकू विचारत, "भाभी, नमक भिजवा दूँ क्या?" त्यांच्याशी बोलून बोलून आईचाही आवाज चढला, आणि मी व माझी धाकटी बहीण छबी तर त्या आवाजातच जन्मलो. बाबांची मोठी बहीण, आमची इंदूआत्या, राजेंद्र नगरात राहायची. तिचे यजमान बँकेत होते, घरात पंखासुद्धा आवाज न करता फिरायचा. ती आमच्याकडे परदेशीपुऱ्यात आली की थोड्या वेळाने कानाशी पदर धरून म्हणायची, "वसंता, मी तुझ्या समोर बसले आहे रे. तिकडे लांब महू गावाला नाही."

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग एकेक खातं, आणि शेवटी फाटकाला भलंमोठं कुलूप लागलं. सगळ्या परदेशीपुऱ्यात भर दुपारी पुरुष घरात दिसू लागले. लग्नाकार्याला काढलेलं मोठं पातेलं कार्य झाल्यावर नेमकं कुठे ठेवावं हे जसं कळत नाही, तसं बायकांना या नवऱ्यांचं झालं. बाबांनी आईचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. मग रंगाप्रमाणे लावले. मग पाण्याच्या हंड्यांचा क्रम बदलला. आई शेवटी हातातलं उलथनं तसंच धरून म्हणाली, "अहो, मिल बंद पडली आहे, मी नाही. मला चालवू नका." बाबा हसले, पण त्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात यायचे बंद झाले आणि दारातल्या खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत राहिले. मला ते डबे लावणारे बाबा परत हवे होते.

त्या वर्षीची दिवाळीही वेगळी गेली. एरवी दिवाळीला मिलमधून कापड मिळायचं, एकाच ताग्यातलं. आमचे फ्रॉक, आईचं पोलकं आणि खिडकीचा पडदा एकाच फुलाफुलांचे. एका फोटोत मी पडद्यापाशी उभी आहे आणि फक्त माझं डोकं दिसतं. त्या वर्षी कापड आलं नाही. आत्याने आम्हा दोघींना तयार स्वेटर आणले, लाल आणि निळा, आणि सगळ्या गल्लीने ते हात लावून पाहिले. शहरात तेव्हा असं नवं नवं काही रोज यायचं. या गच्चीवरून त्या गच्चीवर टीव्हीच्या केबलच्या तारा जात होत्या, पोरांच्या अंगात जीन्स आल्या होत्या, थंड पेयांच्या बाटल्यांवर कधी न ऐकलेली नावं होती. आमच्याकडचं धुराडं थंड झालं होतं आणि बाकीच्या इंदूरात कुणीतरी दिवे लावत सुटलं होतं.

डिसेंबर आला तसे बाबा एकाएकी बाहेर जाऊ लागले. दुपारी जेवण झालं की कपाटातली जुनी पिशवी घेऊन निघायचे. "कुठे?" "काम आहे." "कसलं?" "आहे ना!" संध्याकाळी परत यायचे तेव्हा त्यांच्या मिशीत, कानामागे, कॉलरच्या आत कापसाचे पुंजके असायचे. आई ते चिमटीने काढायची आणि दिव्याखाली धरून बघायची. तिची खात्री झाली की बाबा कुठेतरी गाद्या भरण्याच्या कामाला जातात आणि सांगायला संकोचतात. "मिल सुटली तरी कापूस काही तुम्हाला सोडत नाही," ती म्हणायची. बाबा पोट धरून हसायचे. इतकं हसण्यासारखं काय आहे, ते आम्हाला कळत नसे.

त्याच सुमारास छबीची उशी हरवली. छबी तेव्हा पहिलीत होती आणि तिच्या उशीशिवाय तिला झोप येत नसे. जुन्या चादरीच्या खोळीवर आईने हिरव्या दोऱ्याने पोपट भरला होता, लाल चोच, काळा टपोरा डोळा. "माझा तकिया, माझा तकिया," करत छबीने घर डोक्यावर घेतलं. आम्ही खाटेखाली पाहिलं, गच्चीवर पाहिलं, शेजाऱ्यांचं कुत्रं ज्या पोत्यावर झोपायचं ते पोतंही उलटंपालटं केलं. शोधण्यात सगळ्यांत पुढे बाबा होते. त्यांनी विहिरीतसुद्धा वाकून पाहिलं.

मी नववीत होते, सिस्टरांच्या हिंदी शाळेत. नाताळच्या सुट्टीआधीचे दिवस म्हणजे तिथे अभ्यासाला अर्धी सुट्टीच. वर्गावर्गांतून कागदी चांदण्या कापल्या जात, कुणी गोठा बनवायचं, कुणी मेंढ्यांना कापूस चिकटवायचं, आणि आमच्या सिस्टर फिलोमिना गाणाऱ्या मुलींचा चमू निवडायच्या. सिस्टर केरळच्या. त्यांची हिंदी एका तालात चालायची, जणू बोलताना त्या पायाने शिलाई मशीन चालवत होत्या. प्रार्थनेच्या वेळी माइक बिघडला की मैदानाच्या टोकापर्यंत माझाच आवाज जातो, हे पाहून त्यांनी मला घेतलं आणि पहिल्याच तालमीला पस्तावल्या. "सुमन, तुम पीछे खड़ा रहो," त्या म्हणाल्या. "और मुँह आधा खोलो." मी आणखी जोरात गायले, कारण अर्ध्या तोंडाने गायची मला सवयच नव्हती. "आधे का आधा," सिस्टर म्हणाल्या.

स्नेहलतागंजात एक नवी दुकान उघडणार होती. (इंदूरात दुकान ही बाईमाणूस असते. लग्न होऊन पुण्याला आल्यापासून माझी जाऊ "ते दुकान" म्हणून दुरुस्त करते. मी "हो" म्हणते आणि पुढच्या वाक्यात परत तीच चूक करते.) आमच्याकडे कापड घ्यायचं म्हणजे गादीवर बसायचं, चहा प्यायचा, शेठने समोर ताग्यांचा ढीग उलगडायचा आणि आपण "अजून दाखवा" म्हणत राहायचं. या दुकानीत म्हणे कुणी बसायचंच नव्हतं. काचेचं दार, आत रांगेने टांगलेले तयार कपडे, आपलं आपण हात लावून बघा. नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी उद्घाटन होतं आणि दुकानीच्या सेठजींनी सिस्टरांना विचारून आम्हा मुलींना गायला बोलावलं होतं. सिस्टरांनी स्वतः रचलेली हिंदी गाणी आम्ही गाणार होतो. मी घरी सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. "कोणत्या दुकानीत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "थंडी फार आहे," ते म्हणाले. "नको जाऊस." इंदूरच्या हिवाळ्यात बनियनवर फिरणाऱ्या माणसाने थंडीचं नाव घ्यावं, याचं मला नवल वाटलं. पण आई म्हणाली, "जाऊ दे की. स्वेटर आहे ना नवा."

पांढरे फ्रॉक, वरून स्वेटर आणि हातात मेणबत्त्या घेऊन आम्ही दुकानीशी पोचलो तेव्हा बाहेर ही गर्दी होती. काचेच्या दाराशी लाल डगला, लाल टोपी आणि बेंबीपर्यंत कापसाची दाढी असा एक सांताक्लॉज उभा होता. आमच्या इंदूरात तोवर सांताक्लॉज फक्त ग्रीटिंग कार्डावर दिसायचा. हा चालत होता, बोलत होता. पाय काटकुळे आणि पोट भलं थोरलं. तो हात पसरून ओरडला, "हो! हो! हो!"

बाकीच्या मुलींना ते इंग्रजी वाटलं. मला नाही. आईने दळण आणायचं तिसऱ्यांदा बजावलं की बाबा अगदी याच सुरात, याच पट्टीत म्हणायचे, "हो, हो, हो, जाऊन राहिलो आहे ना!" तेवढ्यात सांताने गर्दीला साद घातली, "आओ भिया, आओ बेन, भीतर पधारो! देखने का पैसा नी लगे!" आणि सगळा स्नेहलतागंज हलवणारा तो आवाज ऐकून उरलीसुरली शंकाही गेली. मी नीट पाहिलं. डगल्याचं मधलं एक बटण नव्हतं, आणि त्या फटीतून लाल चोचीचा हिरवा पोपट एका काळ्या डोळ्याने माझ्याकडे बघत होता.

मला लाज वाटली का, असं माझ्या मुलीने एकदा विचारलं. वाटलीच असेल, पण तिचा नंबर लागेपर्यंत हसू येऊन पोचलं होतं. मी ओठ दातांखाली धरले. बाबांनीही मला पाहिलं. दाढीच्या वर त्यांचे डोळे क्षणभर घाबरलेल्या मुलासारखे झाले. मग त्यांनी थैलीत हात घातला आणि एकेका मुलीला टॉफी देत माझ्यापर्यंत आले.

"लो बिटिया. कौनसी क्लास में हो?"

"नववीं में," मी म्हणाले.

"गणित पे ध्यान दो."

सहामाहीत माझं गणित गेलं होतं. शेजारी उभी असलेली माझी मैत्रीण रेणू थक्क झाली. "हाय राम, इनको कैसे मालूम?" तिने विचारलं. "सांताक्लॉज को सब मालूम रहता है," मी म्हणाले, आणि आम्हा बापलेकींचा करार झाला. ते मला ओळखत नव्हते, मी त्यांना ओळखत नव्हते. एवढी संध्याकाळ पार पडली की झालं.

आम्ही आत जिन्यापाशी उभं राहून पहिलं गाणं गायलो. दुसरं सुरू होणार तेवढ्यात काचेच्या दारातून इंदूआत्या आली. बँकेमुळे तिच्या यजमानांना आमंत्रण होतं, पण त्यांना यायला जमलं नाही, आणि एकटी कशाला म्हणून ती आई आणि छबीला रिक्षात घालून घेऊन आली होती. आत्या सिल्कच्या साडीत, आई तिच्या मागे, आणि छबी आईचं बोट धरून. मी डोळ्यांनी खूप खुणा केल्या. आईला वाटलं मला धूर लागतोय मेणबत्तीचा.

"अगबाई, किती जाडा आहे!" आई सांताकडे बघून म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवऱ्याला तिने मुळीच ओळखलं नाही. "तो तसाच असतो," आत्या म्हणाली. "मुंबईला पाहिलाय मी." आणि बाबा जन्मात पहिल्यांदा गप्प झाले. नुसते हात हलवत, मान डोलवत राहिले. तोंड उघडलं की संपलं, हे त्यांना माहीत होतं. गल्ल्यामागून सेठजी ओरडले, "अरे बाबा, चुप क्यों हो गए? बोलो, हो हो करो!" बाबांनी अगदी बारीक, सासरी आलेल्या नव्या नवरीसारखा आवाज काढला, "हो..."

आत्याने भुवई वर केली, पण तोवर छबी टॉफीसाठी पुढे गेली होती. तिचं डोकं नेमकं त्या नसलेल्या बटणाच्या उंचीला येत होतं. तिने टॉफी घेतली. मग ती पोपटाकडे बघत राहिली. मग तिने आमच्या घराण्याला शोभेल अशी आरोळी ठोकली, "आई! माझा तकिया याच्या पोटात आहे!" आणि दोन्ही हातांनी फटीतून खोळ धरून ओढली. आणखी एक बटण उडून कुणाच्या तरी पायाशी गेलं. पट्टा सुटला, उशी बाहेर आली, आणि सांताक्लॉज सगळ्या गर्दीदेखत एका क्षणात वाळला. डगला त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबायला लागला. दाढी एका कानावरून निसटली.

लोक हसले. मुलंही हसली, ते ठीक होतं, पण नव्या कपड्यांना हात लावत उभी असलेली मोठी माणसं ज्या तऱ्हेने हसली ते मला सोसलं नाही. सेठजी लालबुंद होऊन गल्ल्यामागून बाहेर येत होते. आई उशीकडे बघत होती, मग नवऱ्याकडे, मग परत उशीकडे. आणि त्या सगळ्यात आत्याचा आवाज आला, हळू, राजेंद्र नगरचा. "वसंता?"

बाबांचा हात टोपीकडे गेला. टोपी काढावी की राहू द्यावी हे त्यांना कळत नव्हतं. खाटेवर बसून रस्त्याकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा मला दाढीआड परत दिसला. तो घरी परत यायला नको होता, एवढंच मला वाटलं. आणि मी तोंड उघडलं. आमची वेळ झाली नव्हती, सिस्टरांनी सूर दिला नव्हता, तरी मी एकटीच दुसरं गाणं सुरू केलं, अर्ध्याने नाही, पुऱ्या तोंडाने. काचा थरथरल्या असं रेणू पुढे कितीतरी वर्षं सांगायची. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. मुली गडबडल्या, दोघीतिघींनी चुकीच्या ओळीपासून उचललं. सिस्टर फिलोमिनांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या वाळलेल्या सांताकडे पाहिलं, आणि त्यांना काय समजलं कोण जाणे, दोन्ही हात वर उचलून ताल धरला. "पूरा, सुमन!" त्या म्हणाल्या. "पूरा मुँह!"

गाणं चालू असताना आत्या पुढे झाली. मला वाटलं, आता ही बाबांना बाहेर नेते. तिने छबीच्या हातातून उशी घेतली, झटकली, आणि भावासमोर उभी राहिली.

"हात वर कर."

"ताई, तू जा ना आत, कपडे बघ..."

"हात वर कर म्हटलं ना. लहानपणी चड्डीची नाडीसुद्धा मीच बांधायचे तुझी. हे असं आडवं कोंबतात होय? उभं घालायचं." तिने उशी डगल्यात नीट बसवली, पट्टा आवळला, आणि हातातल्या बांगडीत अडकवलेली पिन काढून फटीला लावली. मग दाढी कानात अडकवली. दोन पावलं मागे सरून, मान वाकडी करून बघितलं. सेठजी तोवर तिथे पोचले होते. आत्या त्यांच्याकडे वळली आणि, मी हे माझ्या कानांनी ऐकलं, ती ओरडली. अगदी आमच्यासारखी. "सेठजी, कोट सिलवाया तो बटन पूरे लगवाते! ऐसे में तो अच्छे-अच्छों का पेट बाहर आ जाए! ये मेरा भाई है, समझे? इत्ती भीड़ किसने बुलाई आपकी दुकान में?" लोक पुन्हा हसले, पण आता सेठजींना. सेठजींनी गर्दीकडे पाहिलं, ती खरंच मोठी होती, आणि तेही हसले. "बेनजी, बटन कल ही लगवाता हूँ," ते म्हणाले.

आई इतका वेळ उभी होती. आता ती काचेच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या नव्या कोऱ्या सोफ्यावर बसली आणि पदर तोंडावर धरून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायची आणि पुन्हा हसायची. छबीला मात्र काही पटलं नव्हतं. ती सांताच्या पोटाला हात लावून उभीच. बाबा तिच्यापुढे उकिडवे बसले. "घरी आल्यावर देतो, राणी," ते मराठीत म्हणाले. "आत्ता पोपट नोकरीवर आहे." छबीने विचार केला आणि अजून एक टॉफी मागितली.

परतताना बाबांचा सदरा आणि पॅंट दुकानीच्या मागच्या खोलीत राहिली, आणि त्या खोलीची किल्ली घेऊन एक नोकर चहाला गेलेला. तेव्हा सांताक्लॉजच आमच्याबरोबर सवारीच्या टेम्पोत बसला. आत्याला घरी जायला रिक्षा करून दिली, तेव्हा ती बाबांना म्हणाली, "उद्या मी ह्यांना घेऊन येते. तुला बघायला." टेम्पोवाल्याने भाडं घ्यायला नकार दिला, म्हणाला, बाबाजीकडून कसं घेऊ. आई अजूनही मधूनच फिसकन हसत होती.

"सांगितलं का नाही हो?"

"काय सांगू? हजेरीबाबूचा जोकर झालो म्हणून? रोज दुपारी दाढी लावून दुकानीच्या मागच्या खोलीत 'हो हो' घोकतो म्हणून?"

आईने त्यांच्या पोटावर हात ठेवला. "जाडेपण शोभतं तुम्हाला," ती म्हणाली.

टेम्पोतून उतरून गल्लीत शिरायचं तर वाट मिलच्या फाटकावरून होती. तिथे संध्याकाळी मिलमधले लोक शेकोटी करून बसायचे. काम नव्हतं, पण बसायची जागा तीच होती. बाबांनी टोपी काढली आणि भिंतीच्या कडेने सटकायला बघितलं. पण छबी बरोबर होती. "आमचे बाबा सांता झालेत!" तिने शेकोटीला कळवलं.

सगळी डोकी वळली. "अरे, वसंतबाबू?" कुणीतरी म्हणालं. हे सारे त्यांच्याच साचे खात्यातले. लाकडं तडतडत होती. मग किशनदादा नावाचे म्हातारे विणकर, बाबांहून कितीतरी मोठे, अंगावरची घोंगडी सावरत पुढे सरकले. चेहरा अगदी गंभीर.

"बाबा, जो माँगूँ वो मिलेगा?"

"माँग के देखो, दादा."

"तो मिल चालू करा दो."

कुणी हसलं नाही. बाबांनी टोपी परत डोक्यावर चढवली. खांद्यावरची थैली खाली ठेवली, तिचं तोंड उघडलं, आणि खरोखर आत हात घालून अगदी तळापर्यंत शोधलं. एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. त्यांचा हात आत असताना मी थैलीवर वाकून बघत होते. आज हसू येतं, मी नववीतली घोडी, पण तेव्हा क्षणभर मला वाटलं होतं, निघेल.

"नी है, दादा," बाबा हळू म्हणाले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "इत्ती बड़ी चीज इसमें नी समाती."

किशनदादांनी मान हलवली. शेकोटीकडे पाहिलं. "तो ऐसा करो," ते म्हणाले, "दो टॉफी दे दो. एक घरवाली को भी चइये."

मग जो हशा उठला तो आमच्या घरापर्यंत गेला असेल. कुणी सरकून जागा केली, कुणी बाबांचा लाल डगला ओढून त्यांना खाली बसवलं, कुणी म्हणालं मला तीन, मला पाच पोरं आहेत. बाबांनी थैली उचलली आणि किशनदादांनी पसरलेल्या गमछ्यावर सरळ उलटी केली. त्यात नाताळच्या दिवशी वाटायच्या टॉफ्यासुद्धा होत्या, हे सेठजींना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.